सिग्नल: नंबर मागणारं आणि नंबर झाकणारं अ‍ॅप

घरातल्या सगळ्यांच्या फोनचं खातं माझ्याकडे आहे. सासऱ्यांचं अपडेट अडकलं की हाक मला, नणंदेने फोन बदलला की हाक मला. त्यामुळे नवं मेसेजिंग अ‍ॅप हातात आलं की स्टिकर किती गोड आहेत हे बघायला मला सवड नसते. मी आधी सेटिंग्जमधलं अकाउंटचं पान उघडते. अ‍ॅपची नियत तिथेच कळते.

सिग्नलचं ते पान मला आवडलं. सगळं नाही, पण बरंचसं.

आधी एक गैरसमज काढून टाकू. 'सिग्नलवर मेसेज कोणी वाचू शकत नाही' एवढ्यासाठीच ते घ्यायचं असेल तर घाई नको. व्हॉट्सअ‍ॅपवरचे मेसेजही 2016 पासून सिग्नलच्याच प्रोटोकॉलने, म्हणजे मेसेज गुप्त ठेवायच्या पद्धतीने, कुलूपबंद होतात. फरक आहे तो कुलपाबाहेरच्या माहितीत: तुम्ही कोण, कोणाशी बोलता, कोणत्या ग्रुपात आहात. 2016 मध्येच अमेरिकेत एका ग्रँड ज्युरीने (खटला भरायचा की नाही हे ठरवणाऱ्या नागरिकांच्या मंडळाने) समन्स काढून सिग्नलकडे माहिती मागितली, तेव्हा त्यांच्याकडे देण्याजोगं एवढंच निघालं: खातं कधी उघडलं आणि ते सर्व्हरला शेवटचं कधी जोडलं गेलं. 2018 पासून हे अ‍ॅप एका ना-नफा संस्थेकडे आहे. व्हॉट्सअ‍ॅपच्या दोन संस्थापकांपैकी एक, ब्रायन अ‍ॅक्टन, यांनी तिला सुरुवातीला 5 कोटी डॉलर दिले. जाहिराती नाहीत, देणग्या मागतात. देणगीची विनंती अधूनमधून स्क्रीनवर येते, ती बाजूला सारता येते.

आता माझ्या कामाचं. मी मुद्रितशोधन करते. दर पुस्तकाला नवा लेखक, नवा मांडणीकार, आणि काम संपून वर्ष झालं तरी रात्री साडेअकराला 'ताई, एक विचारू का' असा मेसेज. फेब्रुवारी 2024 मध्ये सिग्नलने युजरनेम आणलं आणि माझी मोठी अडचण सुटली. आता नव्या माणसाला मी नंबर देत नाही, युजरनेम देते. ते हवं तेव्हा बदलता येतं. बदललं तरी आधीची संभाषणं जागच्या जागी राहतात, जुन्या नावाने नवा माणूस मात्र आपल्यापर्यंत पोचत नाही. नावाच्या शेवटी निदान दोन आकडे असतात आणि ते तंतोतंत टाईप केल्याशिवाय कोणी सापडत नाही. नावं शोधायची यादीच नाही. लोकांना हे गैरसोयीचं वाटतं, मला सोयीचं.

नंबर लपवताना दोन सेटिंग्ज वेगळी आहेत हे ध्यानात ठेवा. 'माझा नंबर कोणाला दिसेल' हे मुळातच बंद असतं. 'नंबरावरून मला कोण शोधू शकेल' हे मात्र सगळ्यांसाठी खुलं असतं, ते आपणच बंद करायचं. आणि ज्याच्या फोनमध्ये तुमचा नंबर आधीच साठवलेला आहे त्याला तो दिसणारच, त्याला इलाज नाही. खातं उघडायलाही फोन नंबर लागतोच. एवढा झाकायचा आटापिटा करून दारातच नंबर मागायचा, हे मला अजून पटलेलं नाही.

पिनबद्दल मात्र सविस्तर सांगते, कारण तिथे सगळ्यांचा गोंधळ होतो. सिग्नलचा पिन अ‍ॅप उघडण्यासाठी नसतो. प्रोफाईल, सेटिंग्ज, संपर्क नव्या फोनवर परत यावेत म्हणून तो असतो. मेसेज त्यातून परत येत नाहीत. त्याचा खरा उपयोग 'रजिस्ट्रेशन लॉक' चालू केल्यावर. मग कोणी तुमचा एसएमएस कोड मिळवला तरी पिनशिवाय तुमच्या नंबरावर खातं उघडू शकत नाही. 2022 मध्ये सिग्नलसाठी पडताळणीचे एसएमएस पाठवणाऱ्या ट्विलिओ कंपनीत घुसखोरी झाली आणि सुमारे 1,900 जणांचे नंबर धोक्यात आले. नेमकं तेव्हा हे लॉक कामाचं होतं. तरीही ते आपणहून चालू करावं लागतं, हे चूक आहे. पिन विसरलात तर लॉक सुटायला खातं सात दिवस निष्क्रिय राहावं लागतं. तोवर बसा. फोन करून रडायला तिथे कोणी नाही.

सासऱ्यांना मी अक्षरी पिन घालून दिला (आकडेच हवेत असं नाही). अ‍ॅप मधूनमधून पिन विचारून आठवण पक्की करून घेतं. ही आठवण बंद करता येते, पण करू नका. सासरे पिन मोठ्याने म्हणत टाईप करतात, तो भाग मी सोडून दिलाय.

जोडलेल्या उपकरणांची यादी महिन्यातून एकदा बघावी असं मी सगळ्यांना सांगते. संगणकावर सिग्नल क्यूआर कोडने जोडलं जातं, आणि तेच कच्चं ठिकाण आहे. फेब्रुवारी 2025 मध्ये गूगलच्या सुरक्षा पथकाने दाखवून दिलं की रशियाशी संबंधित हॅकर युक्रेनमधल्या लोकांना ग्रुपच्या आमंत्रणाच्या नावाखाली असे कोड पाठवत होते. स्कॅन केलं की तुमचं खातं त्यांच्या उपकरणाला जोडलं जायचं. कुलूप शाबूत, आणि समोरचा निवांत वाचतोय. यादीत अनोळखी नाव दिसलं की तिथूनच काढून टाकता येतं.

बॅकअप हा सिग्नलचा जुना दुखरा भाग. अँड्रॉइडवर फोनमध्येच फाईल ठेवायची सोय होती, आयफोनवर वर्षानुवर्षं तीही नव्हती. फोन हरवला की बोलणी गेली. सप्टेंबर 2025 मध्ये त्यांनी क्लाउड बॅकअप जाहीर केला, सुरुवात अँड्रॉइडच्या बीटापासून, म्हणजे चाचणी आवृत्तीपासून: मजकूर आणि शेवटच्या 45 दिवसांचे फोटो-व्हिडिओ फुकट, जास्त हवं तर पैसे. त्याची किल्ली 64 अक्षरांची. ती हरवली तर सिग्नललाही बॅकअप उघडता येत नाही. मी म्हणेन, कागदावर लिहा आणि कागदपत्रांच्या फाईलीत ठेवा. त्याच फोनमध्ये फोटो काढून ठेवण्यात काही अर्थ नाही.

एक बारीक गोष्ट: अ‍ॅप काढून टाकलं म्हणजे खातं बंद झालं नाही. लोक तुम्हाला मेसेज पाठवत राहतात आणि तुम्ही उत्तर देत नाही म्हणून ते रागावतात. बंद करायचं तर आधी अकाउंटच्या पानावरून खातं डिलीट करा, मग अ‍ॅप काढा.

राहता राहिली माणसं. माझ्या नणंदेने सिग्नल घेतलं आणि चौथ्या वाक्याला तक्रार केली, "वहिनी, यात समोरचा ऑनलाईन आहे का ते दिसतच नाही. मग कळणार कसं?" नाहीच कळत. 'लास्ट सीन' हा प्रकारच इथे नाही. वाचल्याची खूण आणि 'टाईप करत आहे' हेही बंद करता येतं, फक्त मग दुसऱ्यांचंही आपल्याला दिसत नाही. मी दोन्ही बंद ठेवलंय. ती आठवडाभरात तिच्या जुन्या अ‍ॅपवर परत गेली, तिच्याशी गप्पा तिथेच होतात. कामाची माणसं तेवढी इथे ठेवलीत.