गरोदरपणात सिगरेट सोडवणारे मेसेज: जावेच्या फोनवर वापरून बघितलेली सर्विस

माझी धाकटी जाऊ कांदोळीला हॉटेलात फ्रंट ऑफिसला आहे, नाइट शिफ्टला सिगरेटची सवय लागली ती दिवस गेल्यावरसुद्धा सुटेना. आमच्या डिचोलीसारख्या ठिकाणी बाईने हे ओपीडीत सिस्टरला सांगायचं म्हणजे अख्ख्या वाड्याला कळणार या भीतीने ती गप्प. मग एका हेल्थ अ‍ॅपची एसएमएस सर्विस तिच्या फोनवर चालू केली, आणि खरं सांगते, सगळ्यात मोठा फायदा हाच की कोणासमोर तोंड उघडावं लागलं नाही.

सोडायची तारीख आपणच ठरवायची, मग मेसेज सुरू. शिफ्टचे टायमिंग भरून दिले होते त्यामुळे नेमके ब्रेकला, सगळे मागच्या दाराकडे निघाले की मेसेज यायचा, तलफ चारपाच मिनिटांत ओसरते, तेवढं थांबा, पाणी प्या. ती युनिफॉर्मच्या खिशात सोलांची (आमसुलांची) पुडी ठेवायची, एक सोल तोंडात टाकून काउंटरवरच बसून राहायची, उमासे यायचे त्यालाही ते बरं पडायचं. हे मेसेज खरंच कामाचे, यासाठी पाचपैकी साडेतीन.

दीड कापले कारण समोरची बाई गरोदर आहे हे या सर्विसला माहीतच नाही! फुप्फुसं, हार्ट, पैसे किती वाचले हेच सगळं. एकदा तर निकोटीनचं च्युइंगम घ्या म्हणून मेसेज, ते गरोदरपणात डॉक्टरांना विचारल्याशिवाय घ्यायचं नसतं. आणि ती म्हणायची आता पाचवा लागला, आता सोडून काय उपयोग, त्याचं उत्तर एकाही मेसेजमध्ये नाही. ते शेवटी गायनॅकने दिलं, धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडमुळे बाळाला ऑक्सिजन कमी पोचतो, वजन कमी भरतं, वेळेआधी बाळंतपण होऊ शकतं, पण मध्येच सोडली तरी बाळाला फायदा होतोच. इंग्लंडमध्ये मिक्विट म्हणून गरोदर बायकांसाठीच अशी सर्विस तयार केलीय, 12 आठवड्यांची, कितवा आठवडा आहे ते बघून मेसेज येतात, तलफ आली की 'हेल्प' आणि एखादी ओढली गेली की 'स्लिप' असं पाठवायचं, उत्तर लगेच. तसं मराठीत कोणी केलं तर किती बायका यातून सुटतील, मशेरी लावणाऱ्यासुद्धा, कारण तंबाखू तोंडातून गेली म्हणून बाळाला त्रास चुकत नाही. आणि नवऱ्यालाही मेसेज पाठवा, आमचे दीर अजून गॅलरीत ओढतात, तो धूर घरातच येतो.

ज्यांना अ‍ॅप नको त्यांच्यासाठी सरकारी सोय आहे, 011-22901701 वर मिस्ड कॉल द्यायचा, मेसेज सुरू होतात, 2016 पासून आहे. बोलायचं असेल तर 1800-11-2356, फुकट, 2018 पासून सिगरेटच्या पाकिटावरच छापलेला असतो. फक्त आधी लॉक स्क्रीनवरचा प्रिव्ह्यू बंद करा, आमच्याकडे सासूबाईंनी टेबलावरच्या फोनवर अर्धा मेसेज वाचला आणि जाऊ बिचारी दोन दिवस जेवली नाही धड.