आमची धडधाकट पिल्लं 'आजारी' ठरवून नेली

आमची कुत्री शेवंती व्यायली त्या रात्री घरात कोणी झोपलं नाही. सहा पिल्लं झाली, शेवटचं पहाटे. तिनं प्रत्येकाला चाटून कोरडं केलं, नाळा तोडल्या, आणि उजाडेपर्यंत सहाही जण सडांना लागली होती. चीक सगळ्यांच्या पोटात गेला. अवघड ते पार पडलं, असं आम्हाला वाटलं. पुढच्या दहा दिवसांत त्यातली तीन पिल्लं आमच्याकडे राहिली नाहीत. एक मेलं, आणि दोन एका माणसानं आमच्या डोळ्यांदेखत, आमच्याच संमतीनं नेली. घरात नुकती व्यायलेली कुत्री असेल तर हे जरूर वाचा.

तिसऱ्या दिवसापासून एक बारकं तपकिरी पिल्लू सारखं रडू लागलं. सडाला लागायचं, चार घोट घ्यायचं, सोडायचं, पुन्हा रडायचं. दादाच्या ओळखीतल्या एकानं एका माणसाचा नंबर दिला. तो म्हणे घरी येऊन नवजात पिल्लं तपासतो. इतक्या लहान जिवांना बाहेर कुठे न्यायचं, या धास्तीत आम्ही होतोच, त्यामुळे घरी येणारा माणूस आम्हाला देवासारखा वाटला. त्याचं शिक्षण काय, नोंदणी आहे का, हे विचारायचं कोणाच्या मनातही आलं नाही.

पाचव्या दिवशी तो आला. हातात मोजे, गळ्यात स्टेथोस्कोप, बोलणं अतिशय मऊ. "ताई, घाबरू नका, मी आहे ना," हे तो दर दोन वाक्यांनी म्हणायचा. त्यानं पिल्लांची वजनं विचारली नाहीत. शेवंती नीट खाते का, तिला ताप आहे का, कुठलं सड कडक किंवा लाल झालंय का, तेही विचारलं नाही. त्यानं सहाही पिल्लांवरून नजर फिरवली आणि सगळ्यात मोठी दोन उचलली. एक काळं, ज्याच्या डाव्या पुढच्या पायाला पांढरा मोजा घातल्यासारखा पट्टा आहे. दुसरं तपकिरी, कपाळावर पांढरी रेघ असलेलं.

थर्मामीटर लावला आणि आकडा मला दाखवला. 35.9 अंश सेल्सियस. मग शेवंतीला लावला, 38.4. "बघा ताई, आईचं अंग किती गरम आहे आणि ही दोन थंड पडत चाललीत." मोठ्या कुत्र्याचं तापमान 38 ते 39 असतं हे मला माहीत होतं, म्हणून त्याचं बोलणं मला पटलं. पहिल्या आठवड्यात पिल्लाचं तापमान साधारण 35 ते 37 च्या दरम्यानच असतं, हे मला माहीत नव्हतं. या वयात पिल्लांना कुडकुडताही येत नाही, ऊब आईच्या अंगाची आणि भावंडांची. मोठ्यांच्या जवळपास तापमान यायला चार आठवडे लागतात. म्हणजे माझ्या पिल्लांचा आकडा अगदी बरोबर होता. त्यानं तो बरोबर आकडा चुकीच्या आकड्याशेजारी ठेवला, एवढंच केलं.

मग ती दोघं झोपली तेव्हा त्यांचे पाय उडत होते, ओठ थरथरत होते. "झटके सुरू झालेत," तो म्हणाला. आईच्या डोळ्यांत पाणी आलं. आता मला कळतं, नवजात पिल्लं दिवसाचा जवळजवळ नव्वद टक्के वेळ झोपतात आणि झोपेत त्यांचं अंग असं उडत राहतं. त्यानं स्नायू तयार होतात. काळजी करायची ती जे पिल्लू झोपेत अजिबात हलत नाही, हातात घेतल्यावर लोळागोळा पडतं त्याची. डोळे मिटलेले होते त्यावरही त्यानं मान हलवली. पाचव्या दिवशी ते मिटलेलेच असायचे, उघडतात साधारण दहाव्या ते चौदाव्या दिवशी.

आणि ते रडणारं पिल्लू? ते त्यानं हातात घेतलं, हसला, म्हणाला, "हे सगळ्यात जोरदार. आवाज ऐका." त्या क्षणी त्याच्या नाकातून दुधाचे बुडबुडे येत होते. मी ते पाहिलं. त्यानंही पाहिलं, कारण त्यानंच ते कापडानं पुसलं.

त्यानं सांगितलं, मोठ्या दोघांना उबेच्या पेटीत ठेवावं लागेल, त्याच्याकडे सोय आहे, दिवसाचे पैसे वेगळे. शेवंतीला आणि उरलेल्या चौघांना एक इंजेक्शन दिलं, त्याचे पैसे वेगळे. आजार पसरणारा आहे, म्हणून पिल्लांना कुठेही नेऊ नका आणि घरी कोणाला बोलावू नका, असं बजावलं. आज मागे वळून पाहताना मला सगळ्यात जास्त हीच सूचना टोचते. दुसऱ्या कोणी पिल्लांकडे पाहू नये याची त्यानं आमच्याकडूनच तजवीज करून घेतली.

दोघांना खोक्यात घालून तो निघाला तेव्हा शेवंती दारापर्यंत मागे आली. मी तिला धरून ठेवलं.

तिसऱ्या दिवशी फोन आला, दोन्ही गेली. शव मागितलं तर म्हणाला, संसर्ग होता, लगेच विल्हेवाट लावावी लागली. दादानं त्याचेही पैसे पाठवले.

त्याच रात्री ते बारकं पिल्लू धापा टाकू लागलं आणि पहाटे गेलं. आता मात्र आई ऐकेना. तिनं शेवंतीला, उरलेल्या तिघांना आणि कापडात गुंडाळलेल्या त्या मेलेल्या जिवाला घेऊन आम्हाला पशुवैद्यांकडे नेलं. डॉक्टरबाईंनी आधी मेलेल्या पिल्लाचं तोंड उघडलं आणि आम्हाला आत बघायला सांगितलं. टाळू मधोमध दुभंगलेली होती. प्यायलेलं दूध नाकात आणि छातीत जात होतं, म्हणून ते उपाशी होतं, म्हणून रडत होतं, आणि शेवटी छातीत दूध जाऊनच मेलं. अशा पिल्लाला नळीनं पाजून वाढवता येतं आणि काही महिन्यांचं झाल्यावर शस्त्रक्रियाही करता येते. फार कष्टाचं आहे, सगळी वाचतातच असंही नाही. पण आमच्या पिल्लाला ती संधीच मिळाली नाही. जन्मल्या दिवशी बोट घालून टाळू चाचपायला एक मिनिटही लागत नाही.

त्यांनी तिन्ही पिल्लं एकेक करून तपासली आणि प्रत्येक गोष्ट माझ्या हातानं करून घेतली. बोट तोंडात दिलं की पिल्लानं ते जोरात ओढलं पाहिजे. उताणं ठेवलं की धडपडून पालथं झालं पाहिजे. गालाशी हाताची ओंजळ नेली की त्यानं त्यात डोकं खुपसलं पाहिजे. हिरड्या गुलाबी आणि ओल्या हव्यात, नाळेची जागा कोरडी हवी, लाल किंवा सुजलेली नको. मोठ्या कुत्र्यासारखी कातडी चिमटीत धरून पाणी कमी झालंय का ते इतक्या लहान पिल्लात कळत नाही, त्यापेक्षा ओल्या कापसानं पुसून लघवी करवायची आणि रंग बघायचा. जवळजवळ पाण्यासारखी असेल तर ठीक, गडद पिवळी असेल तर पिल्लाला दूध पुरत नाही.

सगळ्यात जास्त वेळ त्या वजनावर बोलल्या. रोज, एकाच काट्यावर, ठरलेल्या वेळी, प्रत्येकाचं वेगळं. पहिल्या दिवशी थोडं घटलं तर चालतं. त्यानंतर रोज वाढायलाच हवं, आणि आठ ते दहा दिवसांत जन्माच्या दुप्पट व्हायला हवं. वाढ थांबली की पिल्लू वरून कितीही बरं दिसो, त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. आमच्या घरात काटा होता. आमच्याकडे वजनांची वही असती तर त्या बारक्याची अडचण चौथ्या दिवशीच कागदावर दिसली असती, आणि मोठ्या दोघांना थंड पडत चाललेली म्हणायची त्या माणसाची हिंमतही झाली नसती. भरल्या पोटाची, उबेतली पिल्लं शांत असतात, हेही त्यांनीच सांगितलं. सलग पाव तास कोणी रडत असेल तर त्याला भूक, थंडी किंवा दुखणं आहे. आणि खरंच थंड पडलेलं पिल्लू असेल तर त्याला आधी हळूहळू ऊब द्यायची, दूध मुळीच पाजायचं नाही, कारण थंड पोटात ते पचत नाही आणि श्वासनलिकेत जायचा धोका असतो.

मी त्यांना विचारलं, तो माणूस चुकला असेल का? त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, पाच दिवसांचं पिल्लू आईपासून तोडून दुसऱ्या दुभत्या कुत्रीखाली किंवा बाटलीवर जगवायचं तर ते ताकदीचंच लागतं. अशक्त असतं तर त्यानं नेलंच नसतं.

व्यायल्यापासून पाच आठवड्यांनी दादाच्या फोनवर विक्रीची एक जाहिरात फिरत आली. काळं पिल्लू, डाव्या पुढच्या पायाला पांढरा मोजा. खाली लिहिलं होतं, दोन महिन्यांचं, पहिली लस झालेली. आम्ही फोन केला, भलत्याच माणसानं उचलला, आमची पिल्लं कधी जन्मली ते विचारताच ठेवून दिला, नंतर नंबर बंद. त्या पहिल्या माणसाच्या कागदावरचा नोंदणी क्रमांक तपासला तर तो त्याचा नव्हताच. पोलिसांत तक्रार दिली आहे, कागद, फोटो, पैसे पाठवल्याच्या नोंदी सगळं जोडून.

ते पिल्लू कोणीतरी विश्वासानं घेतलं असेल. त्या घराला माझं एक सांगणं आहे. ते परत मागायला आम्ही येणार नाही. पण त्याचं सांगितलेलं वय खोटं आहे, तेव्हा ते जेमतेम पाच आठवड्यांचं होतं. पहिली लस सहा ते आठ आठवड्यांच्या दरम्यान देतात, आणि आधी दिलेली असली, जी मला शंकाच आहे, तरी आईकडून आलेल्या प्रतिकारशक्तीमुळे ती बहुतेक लागू पडत नाही. त्यामुळे त्या कार्डावर विसंबू नका, डॉक्टरांना खरं वय सांगून लसी पुन्हा पहिल्यापासून सुरू करा, सोळा आठवड्यांचं होईपर्यंतच्या. जंताचं औषधही विचारा. त्याची आई निरोगी आहे, तिच्या सगळ्या लसी झालेल्या आहेत, आणि त्याची तीन भावंडं आमच्याकडे आहेत.