खिडकी आरपार करायला गेले आणि अकाउंट गेलं

आधीच सांगते, हो म्हणत बटणं मीच दाबली, त्यामुळे शहाणपणा शिकवायला येऊ नका, माझ्या भावाने तो भरपूर शिकवलाय. पण ज्या पद्धतीने गंडवलं ना ती पद्धत कळावी म्हणून एवढं सगळं टाइप करतेय.

मला फक्त एवढंच हवं होतं की लेक्चरचा व्हिडिओ चालू असताना त्याच्यावरच नोट्सची विंडो ठेवायची आणि ती थोडी आरपार दिसली पाहिजे, सारखं इकडून तिकडे उड्या मारायला नकोत. ही सोय विंडोजच्या पोटात आहेच, अगदी विंडोज २००० पासून, विंडोला ० ते २५५ मधला आकडा द्यायचा, ० दिला की गायब, २५५ दिला की नेहमीसारखी ठोस. फक्त सगळ्या विंडोंसाठी त्याचं बटण मायक्रोसॉफ्टने समोर कधी ठेवलं नाही, म्हणून लोकांनी छोटी छोटी फुकट टूल्स बनवलीत, स्लायडर सरकवला की झालं. एवढ्याशा कामाचं टूल काहीशे केबीत मावतं. हे आत्ता माहितीये, तेव्हा कुठे माहीत होतं.

तर एका ओळखीच्याने असंच एक जुनं टूल सांगितलेलं (टूल चांगलंच आहे, त्या बनवणाऱ्याचा यात काडीचा दोष नाही), मी सर्चमध्ये नाव टाकलं आणि सगळ्यात वर जे आलं त्यावर क्लिक केलं. ती होती जाहिरात. तसं लिहिलेलं असतं बारीक अक्षरात, पण ते कोण बघतं. पेज एकदम व्यवस्थित, नाव तेच, लोगो तोच, स्क्रीनशॉट मूळ पेजवरून उचललेले. डाउनलोड केलं तर १२ एमबीची झिप आली आणि तिला पासवर्ड. पासवर्ड पेजवरच लिहिलेला, "सुरक्षेसाठी". मला वाटलं वा, किती काळजी घेतात! प्रत्यक्षात पासवर्ड असला की ब्राउझरला आणि अँटीव्हायरसला झिपच्या आत डोकावता येत नाही, ती सुरक्षा त्यांची होती, माझी नाही.

पुढची गंमत म्हणजे झिप उघडल्यावर आतली फाइल ७०० एमबीच्या वर. १२ ची ७००. आत नुसती शून्यं भरलेली असतात म्हणून झिपमध्ये दाबून एवढीशी होते, आणि फुगवतात कशाला तर बरेच स्कॅनर एवढ्या मोठ्या फाइलला हात लावत नाहीत, व्हायरसटोटलवर (फाइल टाकली की बऱ्याच अँटीव्हायरसकडून एकदम तपासून देणारी साइट) टाकायला गेलात तरी तिथली मर्यादा ६५० एमबी. म्हणजे त्याच्या बरोब्बर वरची साइज! वर सूचना होती की हे टूल दुसऱ्या प्रोग्रामच्या विंडोंना हात लावतं त्यामुळे अँटीव्हायरस चुकून पकडतो, दोन मिनिटं बंद ठेवा. कारण इतकं पटण्यासारखं होतं की मी खरंच बंद केला. मग विंडोजचा तो परवानगी विचारणारा पिवळ्या पट्टीचा डबा आला, प्रकाशक अज्ञात, बदल करू देऊ का. दिलं. खरं तर साध्या विंडोचा आरपारपणा बदलायला अॅडमिनची परवानगी लागतच नाही, समोरचा प्रोग्राम स्वतः अॅडमिन म्हणून चालू असेल तरच लागते.

आणि टूल चाललं हो! स्लायडर होता, नोट्स मस्त धूसर झाल्या, मागे व्हिडिओ दिसत होता. म्हणून तर तीन दिवस शंका आली नाही.

चौथ्या दिवशी सकाळी मैत्रिणीचा फोन, "अगं तुला एवढे अर्जंट पैसे कशाला हवेत, बरी आहेस ना?" मी म्हटलं कुठले पैसे. माझ्या अकाउंटवरून जवळपास सगळ्यांना मेसेज गेलेले, माझ्यासारखंच "अगं ऐक ना" करून सुरुवात. मला एकही ओटीपी आला नव्हता, टू स्टेप चालू होतं, पासवर्ड कुणाला सांगितला नव्हता. नंतर कळलं की पासवर्ड लागलाच नाही. आपण एकदा लॉगिन केलं की ब्राउझरमध्ये कुकी राहते, गेटवर हातावर शिक्का मारतात तसं, परत कुणी तिकीट विचारत नाही. त्या सेटअपने तो शिक्काच उचलून नेला, शिवाय ब्राउझरमध्ये सेव्ह केलेले सगळे पासवर्ड पण.

इथे मी दुसरी माती खाल्ली. घाबरून त्याच लॅपटॉपवरून पासवर्ड बदलला. संध्याकाळी परत मेसेज चालू! नवा पासवर्ड टाइप करतेय तोच तिकडे पोचतोय, आणि मी आपली जास्त अवघड, जास्त अवघड करतेय. शेवटी भावाने लॅपटॉपचं नेट बंद करायला लावलं आणि त्याच्या फोनवरून सगळं केलं, आधी मेल, मग बाकीचं, प्रत्येक ठिकाणी सगळ्या डिव्हाइसवरून लॉगआउट. मेलच्या सेटिंगमध्ये एक फिल्टर सापडला जो मी कधीच लावला नव्हता, लॉगिनचा इशारा देणारा मेल आला की थेट कचऱ्यात. म्हणून मला काही दिसत नव्हतं. कुणी असं काही टाकून बसलं असेल तर हा फिल्टर आणि रिकव्हरीचा मेल-नंबर आधी तपासा, पासवर्ड बदलून झाला म्हणजे सुटलो असं नाही. विंडोज पूर्ण पुसून परत टाकलं, ते टाकायचा पेनड्राइव्हसुद्धा दुसऱ्या कॉम्प्युटरवर बनवून. एका मैत्रिणीने पैसे पाठवले होते, ते मी भरून दिले, त्याबद्दल जास्त बोलत नाही.

आता माझ्याकडे ऑटोहॉटकीची (कीबोर्डच्या बटणांना आपल्याला हवी ती कामं लावून देणारा फुकट प्रोग्राम) एक ओळीची स्क्रिप्ट आहे, दोन बटणं दाबली की समोरची विंडो आरपार. नोटपॅडमध्ये उघडली की आत काय आहे ते दिसतं.

ती जाहिरात मी रिपोर्ट केली होती, दोन दिवसांनी गेली पण. काल सहज परत सर्च केलं तर सगळ्यात वर तेच पेज, नुसता पत्ता बदललेला. झिपचा पासवर्डसुद्धा तोच ठेवलाय.