बॅलन्स्ड पॉवरसाठी टोरॉइड घ्यावा की ईआय?

बॅलन्स्ड पॉवर म्हणजे स्टुडिओतला हम कमी व्हावा म्हणून ट्रान्सफॉर्मरने 230 व्होल्टचे अर्थच्या दोन्ही बाजूंना 115-115 असे दोन भाग करणं. टोरॉइड म्हणजे कड्यासारख्या गोल कोअरचा ट्रान्सफॉर्मर; ईआय म्हणजे E आणि I आकाराच्या पत्र्या रचून केलेला. 230 व्होल्टची प्रायमरी (लाइनकडचं वाइंडिंग), 115-0-115ची सेकंडरी (स्टुडिओकडचं), तिचा सेंटर टॅप, म्हणजे मधून काढलेली तार, अर्थला. वायरिंग दोन्हींचं सारखंच. 1 केव्हीएचे हे दोन्ही ट्रान्सफॉर्मर मी पुण्यातल्या माझ्या एका खोलीच्या स्टुडिओत वापरले आहेत.

कागदावर टोरॉइड सरस. हलका, रॅकमध्ये मावणारा, चुंबकीय क्षेत्र बाहेर फारसं न सांडणारा. चालू करताना मात्र करंटचा असा झटका घेतो की एमसीबी पडायचा. सॉफ्ट स्टार्ट, म्हणजे सुरुवातीचा करंट आवरणारं सर्किट, बसवल्यावर ते थांबलं.

घुरघुर थांबली नाही. 50 हर्ट्झच्या लाइनवर ट्रान्सफॉर्मर मुख्यतः 100 हर्ट्झवर घुमतो. काळी एकमध्ये (C#) लावलेल्या तंबोऱ्याचा मंद्र पंचम असतो 104च्या जवळ. म्हणजे पंचमाची तार छेडली की तिच्याखाली एक उतरलेला पंचम घुमायचा. गायक बिचारा पुन्हा पुन्हा खुंटी पिळायचा, आणि दोष तारेत नव्हताच! वरच्या मजल्यावर हेअर ड्रायर ‘लो’वर लागला की आवाज आणखी चढायचा. तसले ड्रायर डायोडमधून अर्धीच लाट ओढतात, त्यामुळे लाइनवर थोडा डीसी, म्हणजे एकाच दिशेचा भाग, येतो, आणि टोरॉइडच्या अखंड कोअरला तेवढाही सोसत नाही. हा डीसी अडवणाऱ्या ब्लॉकरने फरक पडला, पण टेकच्या शेवटी तंबोरा विरताना माझ्या कानांना घुरघुर ऐकू यायचीच.

ईआयच्या पत्र्यांच्या सांध्यात बारीक फट राहते, म्हणून तो हा डीसी बराचसा पचवतो. वाइंडिंगवाल्या काकांकडून प्रायमरी आणि सेकंडरी बॉबिनच्या वेगवेगळ्या कप्प्यांत गुंडाळून घेतली, तर लाइनवरचा कचराही पलीकडे कमी जातो. वार्निश मात्र नीट मुरवून घ्या, नाहीतर पत्र्या वाजतात. तो जड आहे आणि त्याचं क्षेत्र बाहेर सांडतं, हे खरंच. माझा ईआय प्रीअँपपासून (माइकचा सिग्नल वाढवणाऱ्या यंत्रापासून) चार फुटांवर आहे. हेडफोन लावून, हम सर्वांत कमी होईल असा फिरवून ठेवला.

कोणताही घ्या, पण सेकंडरीला डबल पोल (दोन्ही तारा एकदम तोडणारा) एमसीबी आणि आरसीसीबी (अर्थकडे करंट गळला की लाइन तोडणारा स्विच) हवाच. दोन्ही तारांवर अर्थच्या तुलनेत 115 व्होल्ट असतात. साधा एकेरी स्विच बंद केला तरी दुसरी तार जिवंतच राहते.

ट्रान्सफॉर्मर दुसऱ्या खोलीत ठेवता येत असेल, तर टोरॉइड खुशाल घ्या. माइक आणि ट्रान्सफॉर्मर एकाच खोलीत राहणार असतील, तर मी तरी ईआयच सुचवेन.