‘सरकारमान्य डिटेक्टिव्ह’ कोर्स : फी आपली, मेहनतही आपलीच

पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या पोरापोरींनी हे वाचाच, कारण हे लोक तुम्हालाच शोधत असतात. अभ्यासिकेचा जिना, झेरॉक्सचं दुकान, ग्राऊंडचं गेट, सगळीकडे पोस्टर. ‘प्रायव्हेट डिटेक्टिव्ह व्हा. सरकारमान्य प्रमाणपत्र. नोकरीची हमी. महिना साडेतीन लाखांपर्यंत कमाई.’ भरतीत दोन-चार मार्कांनी राहिलेल्याला वाटतं, वर्दी नाही तर नाही, तपास तरी करायला मिळेल. मलाही तेच वाटलं. नागपूरच्या सीताबर्डीत एका कॉम्प्लेक्सच्या दुसऱ्या माळ्यावर ऑफिस होतं, एसी गार, भिंतीभर फ्रेम. संस्थेचं नाव लिहीत नाही. तक्रार ग्राहक आयोगात आहे, शिवाय ही मंडळी पाटी बदलायला वेळ लावत नाहीत.

आधी त्या साडेतीन लाखांचं बघू. कोर्स चालवणाऱ्या सरांनी पहिल्याच दिवशी फळ्यावर हिशेब मांडला. अमेरिकेत सरकारी आकड्यांप्रमाणे खासगी डिटेक्टिव्हला वर्षाला पन्नास हजार डॉलरच्या आसपास मिळतात. ते खरं आहे. सरांनी त्याचे रुपये केले, बारानं भागले आणि उत्तराखाली दोन रेघा ओढल्या. तिकडे राहणाऱ्याला त्याच डॉलरांत घरभाडं, गाडी, विमा भागवावा लागतो, हे फळ्यावर आलं नाही. तिकडच्या बहुतेक राज्यांत या धंद्याला लायसन्स लागतं, हेही आलं नाही. कॅलिफोर्नियात तर परीक्षेला बसण्याआधी 6,000 तासांचा, म्हणजे तीन वर्षांचा पगारी तपासकामाचा अनुभव दाखवावा लागतो. कायद्याची किंवा पोलीस विषयाची पदवी असली तर थोडी सूट, एवढंच. आमचा कोर्स तीन महिन्यांचा.

आता ‘सरकारमान्य’. भारतात खासगी डिटेक्टिव्हला लायसन्स देणारा कायदाच नाही. 2007 मध्ये तसं विधेयक राज्यसभेत आलं होतं, त्याचा कायदा झाला नाही. म्हणजे डिटेक्टिव्हचं सरकारी लायसन्स कोणी दाखवत असेल, तर तो दुसराच कागद आहे. आमच्या भिंतीवर होते ते कागद असे: शॉप ॲक्टची पावती, जी दहापेक्षा कमी माणसांच्या दुकानाला नुसती ऑनलाइन माहिती भरली की मिळते, लघुउद्योगांची उद्यम नोंदणी, जी आधार नंबरवर फुकट होते, आणि सिक्युरिटी एजन्सीचं लायसन्स. हे शेवटचं खरंच राज्य सरकार देतं, पण ते 2005 च्या कायद्याखाली, गेटवर गार्ड पुरवण्यासाठी. त्याचा तपासाशी काही संबंध नाही. तिन्हींवर सरकारी चिन्हं असतात आणि चकचकीत फ्रेममध्ये ती चांगली दिसतात.

फी 38,500. त्यातले वीस हजार यूपीआयनं घेतले, उरलेले रोख, ‘तुमचाच जीएसटी वाचेल’ म्हणून. रोख रकमेची पावती ‘कोर्स संपल्यावर एकदमच देऊ’. फीमध्ये कीट होतं. कीट म्हणजे एक स्पाय पेन, एक काळी डायरी आणि ओळखपत्र. पेनाची किंमत कीटच्या यादीत 4,500 लावली होती. बर्डीच्याच फुटपाथवर तो पेन काही शेकड्यांत मिळतो, आणि माझ्या पेनातला कॅमेरा माणसापेक्षा छताचंच शूटिंग जास्त करायचा, कारण खिशाला लावला की तो मागे कलायचा.

ओळखपत्राबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण तिथं खरा धोका आहे. जाड प्लॅस्टिक, लाल-निळी फीत, होलोग्राम, वर मधोमध अशोकस्तंभ आणि खाली माझ्या नावापुढे ‘क्राइम इन्व्हेस्टिगेशन ऑफिसर’. रक्तगट चुकलेला होता. सगळ्या बॅचचा ‘बी पॉझिटिव्ह’ छापला होता. आमच्यातल्या एकानं हेल्मेट नसताना ट्रॅफिकवाल्याला ते कार्ड दाखवलं. त्याला पोलीस ठाण्यात संध्याकाळपर्यंत बसवून ठेवलं. तिथल्या हवालदारसाहेबांनी समजावलं ते असं: अशोकस्तंभ वापरून आपण सरकारी असल्याचा भास निर्माण करणं 2005 च्या राजचिन्ह कायद्याखाली गुन्हा, आणि सरकारी नोकर असल्याचं सोंग आणणं भारतीय न्याय संहितेच्या कलम 204 खाली गुन्हा. कार्ड छापणारा एसीत बसलेला असतो आणि दाखवणारा ठाण्यात.

शिकवणी दोन आठवड्यांत संपली. व्हिडिओ, देहबोली, ‘गर्दीत मिसळावं कसं’. एक निवृत्त पोलीस अधिकारी एका दुपारी आले, पुराव्याबद्दल बोलले. तेवढं लेक्चर अस्सल होतं. मग ‘लाइव्ह इंटर्नशिप’ सुरू झाली. ती उरलेला सगळा काळ चालली, पगार शून्य.

इंटर्नशिप म्हणजे पत्ते तपासणं. कंपनीत नवा माणूस लागला, त्यानं दिलेल्या पत्त्यावर तो राहतो का, किती वर्षं राहतो, शेजारी काय म्हणतात, दाराचा फोटो, लोकेशन, सही. आज नंदनवन, उद्या जरीपटका, परवा हिंगणा रोड. गाडी आपली, पेट्रोल आपलं. एकदा मानेवाड्यात एका घराबाहेर एक काकाजी भेटले. ते विम्याच्या दाव्यांचं फील्डवर्क करत, हातात तसाच फॉर्म. विचारलं, “तुले किती देतात बे एका पत्त्याचे?”

“काही नाही काकाजी, इंटर्नशिप आहे.”

“म्हणजे तू पैसे भरून काम करून रायला? अरे, आमाले तरी दीडशे भेटते.”

त्या काकाजींनी पानठेल्यावर उभ्या उभ्या या धंद्याची जी ओळख करून दिली, ती तीन महिन्यांच्या कोर्सात नव्हती. पैसे केसमागे मिळतात, महिन्याचे नाही. बिल लावल्यावर दोन-तीन महिन्यांनी येतात. दाराचा फोटो धूसर निघाला की केस नामंजूर, पेट्रोल बुडालं. पत्त्यांचं काम आता घटतंय, कारण कंपन्या उमेदवारालाच मोबाइलवर लिंक पाठवून लोकेशन घेतात. विम्याच्या अपघात दाव्यात बरे पैसे आहेत, पण तिथं हॉस्पिटलचे कागद, एफआयआर, पंचनामा वाचता यावा लागतो. प्रमाणपत्र कोणी विचारत नाही; अहवाल लिहिता येतो का, एवढंच विचारतात. स्वतःची एजन्सी टाकणारे कमावतात, पण ते बहुतेक आधी पोलिसांत, बँकेत किंवा वकिलाच्या ऑफिसात वीस वर्षं काढलेले असतात आणि कामं त्यांच्या ओळखीतून येतात.

पुढचा प्रसंग मात्र नुसत्या पैशाचा नव्हता. वर्ध्याच्या एका गृहस्थांनी मुलीच्या लग्नाआधी मुलाची चौकशी सांगितली. आमच्यासमोर वीस हजार मोजून दिले. माझ्याकडे आणि आणखी एकाकडे मुलगा दिला. मिहानमधल्या कंपनीत नोकरी, रात्रपाळी. आम्ही शेजाऱ्यांशी बोललो, चहावाल्याशी बोललो, कंपनीची बस त्याला कुठं सोडते ते पाहिलं. वाईट काही निघालं नाही. तसं लिहिलं: ‘रात्रपाळी असल्यामुळे पहाटे घरी येतो. परिसरात चांगलं नाव.’ सरांनी वाचलं, लाल पेन घेतला आणि ‘रात्रपाळी असल्यामुळे’ खोडलं. ‘चांगलं नाव’ च्या जागी ‘शेजारी फार माहिती देत नाहीत’. अहवाल असा झाला: पहाटे घरी येतो, शेजारी फार माहिती देत नाहीत, दुसऱ्या टप्प्यातली पाळत आवश्यक. दुसऱ्या टप्प्याचे तीस हजार. खोटं एकही वाक्य लिहिलं नाही, असं सर हसत म्हणाले.

मुलीच्या वडिलांना मी नंतर फोन करून खरं ते सांगितलं. ज्यांना अशी चौकशी करून घ्यायची आहे, त्यांनाही म्हणून सांगतो: नुसता टाइप केलेला अहवाल घेऊ नका. कोणत्या दिवशी, कुठं, कोण गेलं होतं, कोणाशी बोललं, याची फील्डची नोंद मागा. खरं काम केलेल्याकडे ती असतेच.

दुसऱ्या एका केसमध्ये नवऱ्याला बायकोचे कॉल रेकॉर्ड हवे होते. सर म्हणाले, मोबाइल कंपनीत कोणी ओळखीचं असेल तर बघा, जो आणेल त्याला पाच हजार. हे कॉल डिटेल्स पोलीसही एसपी दर्जाच्या अधिकाऱ्यामार्फत मागवतात. 2018 मध्ये ठाणे पोलिसांनी असेच रेकॉर्ड विकत घेण्याच्या प्रकरणात अनेक खासगी डिटेक्टिव्ह पकडले होते, त्यात या धंद्यातली मोठी नावंही होती. बाईच्या मेसेज-ईमेलवर पाळत ठेवणं न्याय संहितेच्या कलम 78 मध्ये येतं. गुन्हा रोखायचं काम सरकारनं सोपवलेल्याला त्यात सूट आहे, डिटेक्टिव्ह म्हणवणाऱ्याला नाही. मी दुसऱ्या दिवसापासून जाणं बंद केलं. जो पोरगा ‘ओळखीचा आहे’ म्हणत होता, त्यालाही काकाजींकडे नेऊन बसवला. त्यांनी त्याला जे सुनावलं ते इथं छापण्यासारखं नाही.

फी परत मागितली तर फॉर्मच्या मागच्या बाजूची बारीक ओळ दाखवली, ‘कोणत्याही परिस्थितीत परतावा नाही’. नोकरीची हमी? ‘इंटर्नशिप अर्धवट सोडलीत.’ ठाण्यात गेलो तर सुरुवातीला ‘हे दिवाणी आहे’ म्हणाले. तिघांनी मिळून लेखी अर्ज दिल्यावर पोच मिळाली. 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, संस्थेनं उत्तर दिलं नाही. मग जिल्हा ग्राहक आयोग. पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला तिथं शुल्क नाही, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. नोटीस गेल्यावर सरांचा फोन आला, दहा हजार घ्या आणि मिटवा. घेतले नाहीत.

रोख दिलेल्या 18,500 ची पावती नव्हती, तिथं गाडी अडली होती. पण ऑफिसातल्या मॅडमनी तेव्हा व्हॉट्सॲपवर ‘बॅलन्स रिसीव्हड, उद्या कीट घेऊन जा’ असं पाठवलं होतं. त्या मेसेजच्या प्रिंटला साक्ष अधिनियमाच्या कलम 63 चं, म्हणजे मोबाइल-कॉम्प्युटरवरच्या पुराव्याला लागणारं प्रमाणपत्र जोडून दिलं. ते कसं लिहायचं, हे त्या निवृत्त अधिकाऱ्यांच्याच लेक्चरच्या वहीत होतं. ओळखपत्र अर्जासोबत ठाण्यात जमा केलं आणि पोच घेतली. आमच्या बॅचमधल्या ज्यांच्या खिशात ते अजून आहे त्यांनी ते फाडू नका, वापरूही नका, असंच जमा करा. आणि फोन बदलणार असाल तर आधी मॅडमच्या चॅटचा बॅकअप घ्या.