फ्लाय बांधण्याचा संच : नऊ महिन्यांच्या वापरानंतर

गेल्या ऑक्टोबरमध्ये मी ट्राउटच्या मासेमारीसाठी फ्लाय, म्हणजे गळावर पिसे आणि दोरा गुंडाळून केलेले कीटकासारखे आमिष, बांधण्याचा एक प्राथमिक संच मागवला. गळ पकडून ठेवणारा छोटा व्हाइस, दोऱ्याचे रीळ धरणारा बॉबिन, कात्री, शेवटची गाठ मारण्याचे व्हिप फिनिशर आणि थोडी पिसे असा तो ऐवज होता. हिमाचलात १ नोव्हेंबरपासून फेब्रुवारीअखेरपर्यंत ट्राउटची मासेमारी बंद असते, कारण तो त्यांचा विणीचा काळ असतो. तेवढ्या दिवसांत हात बसवायचा आणि मे महिन्यात तीर्थन नदीवर केवळ स्वतः बांधलेल्या फ्लाय घेऊन जायचे, असे मी ठरवले होते. आजवर दोनशेच्या आसपास फ्लाय बांधून झाल्या आहेत, त्या अनुभवावरून हे लिहीत आहे.

व्हाइसबद्दल माझी तक्रार नाही. गळाचा क्रमांक वाढत जातो तसा गळ लहान होत जातो. १० ते १६ क्रमांकांचे गळ हा व्हाइस घट्ट धरतो, १८ क्रमांकाचा मात्र जबड्यातून निसटतो. माहीमच्या आमच्या घरात वेगळ्या टेबलाला जागा नसल्यामुळे मी तो आईच्या शिलाई मशीनच्या फळीला अडकवतो आणि तेथे तो हलत नाही.

बॉबिनने मात्र पहिले दोन आठवडे मला फार छळले. आठ-दहा वेढे झाले की दोरा तुटे आणि तोवर बांधलेले सगळे सुटून येई. माझाच हात जड आहे अशी माझी समजूत झाली होती. आईने एकदा शेजारी बसून पाहिले आणि म्हणाली, "अरे, दोरा एकाच ठिकाणी कापला जातोय. नळीच्या तोंडाला कंगोरा असेल, बोट फिरवून बघ." कंगोरा खरोखरच होता. सिरॅमिक नळीचा बॉबिन वेगळा घेतला आणि त्या दिवसापासून दोरा तुटणे जवळजवळ थांबले. संच घेणाऱ्याने हा खर्च आधीच धरून चालावे. कात्रीही बोथट निघाली, तीही बदलली.

सुरुवात मी फेझंट या पक्ष्याच्या शेपटीच्या तंतूंपासून होणाऱ्या निम्फने, म्हणजे पाण्याखालच्या कीटकाच्या पिल्लासारख्या दिसणाऱ्या फ्लायने केली आणि ती निवड योग्य ठरली. इंग्लंडमधील एव्हन नदीचे रखवालदार फ्रँक सॉयर यांनी ही फ्लाय घडवली, तीत दोरा मुळीच नसतो. तांब्याची बारीक तारच बांधण्याचे काम करते आणि तिच्याच वजनाने फ्लाय पाण्याखाली जाते, जेथे ट्राउट आपले बहुतेक खाणे मिळवतो. तार मला लॅमिंग्टन रोडवर मिळाली, रोहित्राच्या गुंडाळीची. तीन-चार तंतू तारेबरोबर पिळून गळाच्या दांड्यावर वेढत नेले की तांबूस तपकिरी अंगातून तांब्याची लकाकी मधूनमधून दिसते. नवशिका येथे हमखास एक चूक करतो, मीही ती महिनाभर केली : अंग थेट नेढ्यापर्यंत नेल्यामुळे डोके बांधायला जागा उरत नाही आणि नेढे बुजते. आता मी सुरुवातीलाच नेढ्याच्या दुप्पट जागा मोकळी सोडतो.

पाण्यावर तरंगणाऱ्या फ्लायसाठी कोंबड्याच्या मानेवरची ताठ, चमकदार पिसे लागतात. आमच्या चिकनच्या दुकानातली ब्रॉयलरची पिसे आणून पाहिली. ती मऊ असतात, पाणी पितात आणि फ्लाय बुडवतात. ब्रॉयलर कोवळ्या वयातच कापला जातो, त्यामुळे त्याच्या मानेवर तशी पिसे तयारच होत नाहीत. गावाकडच्या एका म्हाताऱ्या गावरान कोंबड्याची पिसे पुष्कळ बरी निघाली. जूनपासूनच्या दमट हवेत उघडे राहिलेले गळ आठवड्याभरात गंजले. आता सगळे सामान सिलिका जेलच्या पुड्यांसह घट्ट झाकणाच्या डब्यात असते.

मे महिन्यात परवाना काढून तीर्थनवर उतरलो. पहिल्या दिवशी काहीच लागले नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी एका मोठ्या धोंड्यामागच्या संथ पाण्यात १४ क्रमांकाचा निम्फ सोडला, दोरी वाहता वाहता किंचित थबकली आणि मी रॉड उचलला. वीतभर लांबीचा ब्राऊन ट्राउट होता, अंगावर फिकट कड्यांतले लाल ठिपके. त्याच्या जबड्याच्या कोपऱ्यात माझी तार चमकत होती. बाजारातल्या फ्लायवर मी पूर्वीही मासे धरले आहेत, पण तेव्हा माझे लक्ष सगळे माशाकडे असे. या वेळी त्या फ्लायचा वेढा न् वेढा मला ठाऊक होता. शेपटीचा एक तंतू आखूड राहिला होता, तोही मी ओळखला आणि मला अतोनात आनंद झाला. गळाचा उलटा काटा बांधण्याआधीच पकडीने दाबून टाकलेला असल्यामुळे मासा पाण्यातल्या पाण्यातच सहज सुटला.

पैसे वाचतील म्हणून हा संच कोणी घेऊ नये, कारण सामान वाढतच जाते. संध्याकाळी तासभर एकाग्र बसण्याची आवड असेल तर अवश्य घ्यावा, फक्त बॉबिन आणि कात्री वेगळी घ्यावी. तीर्थनवरचा तो निम्फ मी परत आणला आहे. ट्राउटच्या दातांनी त्याचे तंतू तुटले आहेत, तार मात्र एकाही वेढ्यात सैल झालेली नाही.