हाताने फिरवायचे पास्ता यंत्र, बोलोन्यातील काही महिन्यांचा वापर: रोलर अव्वल, क्लॅम्प टाकाऊ

गेल्या महिन्यात माझ्या पास्ता यंत्राच्या क्लॅम्पच्या स्क्रूचे आटे गेले. रोलर, दातेरी चाके, जाडी ठरवणारी चकती, पट्ट्या कापणारा जोड हे सर्व पहिल्या दिवसासारखेच चालत होते. निकामी झाला तो यंत्राला टेबलाच्या कडेशी आवळून धरणारा एवढासा लोखंडी भाग, आणि त्यासरशी संपूर्ण यंत्र निरुपयोगी झाले. दीडशे मिलिमीटर रुंदीच्या या यंत्रात हँडल फिरवून पिठाचा गोळा दोन रोलरमधील फटीतून काढतात. चकतीवरचा आकडा चढवला की फट अरुंद होते आणि पट्टी पातळ निघते. कंपनीचे आणि दुकानाचे नाव देत नाही, कारण मी पाहिलेल्या या वर्गातील इतर यंत्रांतही क्लॅम्पची रचना जवळपास हीच आहे आणि माझा आक्षेप त्या रचनेवर आहे.

हा आक्षेप किरकोळ नाही. मैद्यासारख्या बारीक ‘दोप्प्यो झेरो’ पिठाचा आणि अंड्यांचा गोळा पोळीच्या कणकेपेक्षा कितीतरी घट्ट असतो. तो पहिल्यांदा सर्वांत रुंद फटीतून जातो तेव्हा हँडलवर सर्वाधिक जोर लागतो. हँडल एका बाजूला असल्यामुळे प्रत्येक फेऱ्यात यंत्र किंचित डोलते, प्रत्येक डोलण्याने स्क्रू थोडा सैल होतो, आणि तो पुन्हा आवळताना आटे झिजतात. त्यात क्लॅम्पचा जबडा जेमतेम चार सेंटीमीटर उघडतो. इटलीत भाड्याच्या घरात मिळणारे स्वयंपाकघरातील जुने टेबल बहुधा जाड लाकडाचे असते आणि त्याच्या कडेखाली आणखी एक आडवी पट्टी ठोकलेली असते. माझ्या टेबलाला हा क्लॅम्प सरळ कधी बसलाच नाही. तो नेहमी तिरका बसला आणि तिरक्या दाबानेच त्याचा स्क्रू गेला. सत्तर युरोच्या आसपास किंमत घेणाऱ्या उत्पादकाने रोलरच्या अचूकतेवर एवढी मेहनत घ्यावी आणि ज्याच्या आधाराने ते रोलर फिरायचे तो भाग खेळण्याच्या दर्जाचा द्यावा, हे मला आजही पटत नाही.

आता यंत्राच्या गुणांविषयी. रोलरबद्दल माझी एकही तक्रार नाही. शंभर ग्रॅम पिठाला एक अंडे हे येथील घरोघरीचे प्रमाण आहे. मात्र युरोपात मध्यम आकाराचे अंडे ५३ ते ६३ ग्रॅमचे आणि मोठे ६३ ते ७३ ग्रॅमचे असते, त्यामुळे ‘एक अंडे’ या मापात दहा-पंधरा ग्रॅमचा फरक सहज पडतो. मी अंडी फोडून वजन करतो. दुकानात ‘पास्ता जाल्ला’ असे लिहिलेली गडद पिवळ्या बलकाची अंडी घ्यावीत, आणि कवचावरील शिक्क्याचा पहिला आकडा पाहावा: ० म्हणजे सेंद्रिय, १ म्हणजे मोकळ्यावर फिरणाऱ्या कोंबड्यांचे, २ म्हणजे बंदिस्त शेडमधील, ३ म्हणजे पिंजऱ्यातील. गोळा झाकून अर्धा तास ठेवल्यावर सर्वांत रुंद फटीतून पाच-सहा वेळा, दर वेळी तीन घड्या घालून काढला की तो मऊ आणि एकसंध होतो. त्यापुढे एकेक आकडा चढवत गेले की लांबलचक, सर्वत्र सारख्या जाडीची पट्टी बाहेर येते. ही समानता मला लाटण्याने आजवर साधलेली नाही.

येथे बोलोन्याच्या मापावर यंत्राचा कस लागतो. १६ एप्रिल १९७२ रोजी या शहराच्या वाणिज्य मंडळात ताल्यातेल्लेचे, म्हणजे अंड्याच्या पास्ताच्या लांब चपट्या पट्ट्यांचे, अधिकृत माप नोंदवण्यात आले: शिजल्यावर रुंदी आठ मिलिमीटर, म्हणजेच शहरातील आसिनेल्ली मनोऱ्याच्या उंचीचा १२,२७० वा भाग. मनोरा सुमारे ९७ मीटरचा आहे, तेव्हा हिशेब बरोबर जुळतो. यंत्राच्या जोडातून निघणारी कच्ची पट्टी मी कॅलिपरने मोजली तेव्हा ती साडेसहा मिलिमीटर भरली, आणि शिजवून निथळल्यावर साडेसात ते आठच्या दरम्यान. म्हणजे हे यंत्र शहराच्या मापाला जवळजवळ उतरते. दुसऱ्या बाजूचा स्पॅगेटीसारख्या बारीक पट्ट्या कापणारा जोड मी दोनदा वापरून ठेवून दिला. अंड्याच्या पिठाची ती बारीक पट्टी चिकटते आणि तिला चवही नाही.

यंत्रावर बोलोन्यातील जाणत्यांचा खरा आक्षेप मात्र रुंदीचा नाही, पृष्ठभागाचा आहे. येथील स्फोलीना, म्हणजे पिठाची पातळ चादर लाटण्यात हयात घालवलेल्या स्त्रिया, लांब लाटण्याने लाकडी पाटावर काम करतात. लाकडाच्या रेषा चादरीवर उमटतात, पृष्ठभाग खरखरीत राहतो आणि रस्सा त्याला धरून बसतो. पोलादी रोलर तीच चादर दाबून गुळगुळीत करतात. चादर इतकी पातळ हवी की तिच्यातून सान लुका दिसावे, असे येथे म्हणतात. शहराबाहेरच्या टेकडीवरील हे तीर्थस्थान बोलोन्यात जवळपास सगळीकडून दिसते. पातळपणाच्या या परीक्षेत यंत्र सहज उत्तीर्ण होते, खरखरीतपणाच्या परीक्षेत नापास.

मी मांसाहार करत नाही, त्यामुळे हा दोष मला अधिक जाणवला. रागू, म्हणजे मांसाचा दाट सॉस, गुळगुळीत पट्टीवरही कसाबसा टिकतो, परंतु लोणी आणि सेज नावाची सुगंधी पाने यांचा साधा सॉस, किंवा शरद ऋतूत पोर्चिनी अळंब्यांचा, बशीच्या तळाशी जाऊन बसतो. सुरुवातीच्या महिन्यांत माझे मत म्हणूनच प्रतिकूल होते: यंत्र सोयीचे, पण पदार्थ कमी दर्जाचा. ते मत आता मी बदलले आहे. शेवटच्या दोन आकड्यांच्या आधीच थांबावे, पट्टी बारीक रव्यासारख्या ‘सेमोला रिमाचिनाता’ने भुरभुरून लाकडी पाटावर दहा-पंधरा मिनिटे सुकू द्यावी, आणि कापण्यापूर्वी तिच्यावरून लाटणे एकदा हलके फिरवावे. एवढे केले की पृष्ठभागाला पकड येते आणि लोणी पट्टीवर राहते. हाताने लाटलेल्या चादरीची बरोबरी होत नाही, हे मी स्पष्टपणे सांगतो. परंतु नोकरीवरून परतल्यावर संध्याकाळी स्वयंपाक करणाऱ्या माणसासाठी उरलेले अंतर फार थोडे आहे.

स्वच्छतेबद्दल एकच गोष्ट: पाणी अजिबात लावू नये. कोरडा ब्रश, आणि आतले कण काढण्यासाठी फेकून देण्याच्या पिठाचा एक छोटा गोळा फिरवणे पुरेसे आहे. पो नदीच्या खोऱ्यातील दमट उन्हाळा काढूनही माझ्या रोलरवर गंजाचा ठिपका नाही.

आता दुकानाची हकीकत. मी पावती आणि मोडका क्लॅम्प घेऊन गेलो. मला सांगण्यात आले की क्लॅम्प आणि हँडल हे ‘सुटे साहित्य’ आहे, हमी केवळ यंत्राला आहे, आणि नवा क्लॅम्प मागवायचा असल्यास त्याचे पैसे व पाठवणावळ मला द्यावी लागेल. रक्कम मोठी नव्हती. तरीही ती मी दिली नाही, कारण क्लॅम्प खोक्यात यंत्रासोबत आला होता, किंमत एकच आकारली गेली होती आणि पुस्तिकेत यंत्र क्लॅम्पशिवाय वापरू नये असे छापलेले होते. ज्याच्याशिवाय वस्तू वापरायची नाही ते सुटे साहित्य कसे होऊ शकते?

इटलीत राहणाऱ्या आपल्या लोकांनी येथील नियम नीट समजून घ्यावा, कारण दुकानदार बहुधा उत्पादकाच्या हमीपत्राकडे बोट दाखवतो आणि आपण गप्प बसतो. उत्पादकाची हमी ही ऐच्छिक बाब आहे. तिच्याव्यतिरिक्त २००५ च्या ग्राहक संहितेनुसार वस्तू करारानुरूप असण्याची कायदेशीर हमी असते. तिची मुदत दोन वर्षांची आहे आणि जबाबदारी विक्रेत्याची आहे, कारखान्याची नव्हे. १ जानेवारी २०२२ पासून झालेल्या खरेदीसाठी आणखी एक सुधारणा लागू आहे: वस्तू हाती आल्यापासून पहिल्या वर्षात दोष दिसला, तर तो मूळचाच होता असे गृहीत धरले जाते आणि तसे नसल्याचे सिद्ध करण्याचा भार विक्रेत्यावर पडतो. दुरुस्ती किंवा बदली ग्राहकाला विनाखर्च मिळाली पाहिजे. पावती जपण्याची आपली सवय येथे उपयोगी पडते, परंतु येथील पावत्या उष्णतेने छापलेल्या कागदावर असतात आणि काही महिन्यांत पुसट होतात. घरी आल्याबरोबर छायाचित्र काढून ठेवावे.

मी तोंडी वाद घातला नाही. पोचपावतीचे नोंदणीकृत पत्र पाठवले, त्यात खरेदीची तारीख, दोषाचे स्वरूप, पुस्तिकेतील ते वाक्य आणि संहितेचा उल्लेख एवढेच लिहिले, आणि छायाचित्रे जोडली. टपालाचा खर्च नव्या क्लॅम्पच्या किमतीच्या फार खाली नव्हता, याची मला जाणीव आहे. तरी जे आपले आहे त्यासाठी दुसऱ्यांदा पैसे मोजण्यापेक्षा तो खर्च मला योग्य वाटला.

येथपर्यंतचा मजकूर मी पत्र पाठवल्यानंतर लिहिला होता. त्यानंतर दुकानाकडून फोन आला आणि नवा क्लॅम्प विनामूल्य मिळाला. दुकानातील ज्येष्ठ सहकाऱ्याने मला बसवून घेतले, माझ्या टेबलाच्या कडेचे माप विचारले आणि स्पष्ट सांगितले की या मापाला हा क्लॅम्प पुन्हा तिरकाच बसेल. विक्रेत्याबद्दलचे माझे मत त्यामुळे बरेच सुधारले. क्लॅम्पबद्दलचे नाही, कारण नवा भाग जुन्याचीच हुबेहूब प्रत आहे.

त्यांनीच सुचवलेला उपाय मी केला आणि तो मला अत्यंत ओळखीचा वाटला. गल्लीतल्या ‘फेर्रामेंता’तून, म्हणजे हार्डवेअरच्या दुकानातून, सुताराचे दोन मोठे क्लॅम्प आणि अडीच सेंटीमीटर जाडीची एक बीचची फळी घेतली. यंत्र आपल्या छोट्या क्लॅम्पने फळीला सरळ आवळायचे, आणि फळी दोन्ही टोकांना मोठ्या क्लॅम्पने टेबलाला. आपल्याकडे उन्हाळ्याच्या वाळवणात शेवयांचे यंत्र बाकाच्या किंवा खाटेच्या कडेला पक्के आवळतात आणि मग एकजण दांडा फिरवतो, दुसरा गोळे भरतो, तिसरा शेवया झेलतो, त्याच पद्धतीची ही बैठक आहे. आता यंत्र तसूभरही हलत नाही. हँडलवरचा जोर थेट रोलरला पोचतो, आणि पूर्वी दोन माणसांशिवाय न होणारे काम मी एकटा करू शकतो, कारण यंत्र दाबून धरण्यात अडकलेला हात मोकळा झाला.

फळी बसवल्यानंतर पिठात बदल करून पाहण्याचे धैर्य आले, कारण अधिक घट्ट गोळा घालण्याची भीती उरली नाही. मराठी वाचकांना हा भाग विशेष जवळचा वाटेल. इटलीच्या दक्षिणेत पास्ता अंड्याविना, ड्युरम गव्हाच्या रव्याचा आणि पाण्याचा करतात. आपला बन्सी गहू हा ड्युरमच आहे, आणि म्हणूनच त्याचा रवा दाणेदार लागतो. तोस्कानाच्या गारफान्याना खोऱ्यातील ‘फार्रो’ आणि आपली खपली हा तर एकाच जातीचा गहू आहे. फार्रोचे पीठ एक भाग आणि दोप्प्यो झेरो दोन भाग घेतले, अंड्यांबरोबर चमचाभर पाणी जास्त घातले, तर यंत्रातून येणारी पट्टी तपकिरी, किंचित खरखरीत आणि खमंग होते. लोणी-सेजच्या सॉससाठी ती माझ्या मते नुसत्या मैद्याच्या पट्टीपेक्षा सरस आहे. फक्त ती लवकर तुटते, म्हणून एक आकडा आधी थांबावे. निव्वळ फार्रोची पट्टी मात्र कडांना फाटते आणि तिचे तुकडे कापणाऱ्या जोडाच्या दातांत अडकतात. ते काढायला टोकदार लाकडी काडी लागते, धातूची वापरू नये.

खर्चाचा हिशेब विचारणाऱ्यांसाठी: येथील दुकानांत हाताने लाटलेल्या ताज्या ताल्यातेल्लेचा किलोचा भाव माझ्या पीठ-अंड्यांच्या खर्चाच्या कितीतरी पट आहे, आणि फळी व क्लॅम्प धरूनही यंत्राची किंमत माझ्या घरी केव्हाच वसूल झाली. आठवड्यातून एकदा तरी वापर होणार असेल तर घ्यावे. सणावाराला एकदा बाहेर काढायचे असेल तर घेऊ नये. लाटणे आणि मोठा पाट पुरतो. विजेवर चालणारी मोटर जोडण्याची सोय बहुतेक मॉडेलना असते, पण हात मोकळा झाल्यावर तिची गरज मला उरली नाही, आणि तिच्या किमतीत अशा कितीतरी फळ्या येतील.

खरेदीपूर्वी घरच्या टेबलाची कड मोजून घ्या, खालची आडवी पट्टी धरून. ती चार सेंटीमीटरपेक्षा जाड असेल तर यंत्राबरोबर त्याच दिवशी फळी आणि सुताराचे क्लॅम्पही आणा, आणि खोक्यातला क्लॅम्प टेबलाला एकदाही लावू नका.